बदामची सत्ती

मोहिनी पगारेनं आयुष्यात एकच चोरी केली, आणि तीही पत्त्यातल्या एका पानाची. ऐकणारा म्हणेल, अहो, पत्त्यांत काय, सगळेच लबाडी करतात! म्हणू दे. लग्नाच्या मांडवात बसून तीनपत्ती कुटणाऱ्यानं खुशाल म्हणावं. पण मोहिनी ब्रिज खेळत होती, ब्रिज तिला गांगुर्डे सरांनी शिकवलं होतं, आणि चोरी झाली तेव्हा तेच सर तिच्या उजव्या हाताला बसले होते. त्यामुळे ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

रावजी गांगुर्डे सर गणिताचे मास्तर. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, तरी कॉलनीत कुणाच्या पोराचं घोडं भूमितीत अडलं की पावलं सरांच्या दाराकडेच वळत. मोहिनी त्याच कॉलनीत तीन घरं सोडून राहायची. विम्याच्या ऑफिसात कारकून, नवरा सातपूरला कारखान्यात शिफ्टमध्ये, मुलगी राखी नववीत. राखीला सरांकडे गणिताला घातली, तिथून हे सगळं सुरू झालं. एकदा सर पोरीला संभाव्यता समजावायला पत्त्यांचा जोड घेऊन बसले होते. मोहिनी तिला न्यायला आली आणि दारातच उभी राहिली. सरांनी राखीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हिच्याच तोंडून निघून गेलं. सरांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "तू ब्रिज शिकतेस का?"

"मी? अहो सर, मला भाकरी थापता थापता हिशोब चुकतो."

"भाकरी मोजू नकोस, पानं मोज."

झालं! दर रविवारी सकाळी सरांच्या स्वयंपाकघरात डाव पडू लागला. ब्रिजला चौघं लागतात, समोरासमोरचे दोघं भिडू. सर, मोहिनी, राखी, आणि चौथ्या सरांच्या मंडळी, भागीबाई. भागीबाई विंचूरकडच्या. त्या पदर खोचून बसायच्या आणि आधीच सांगून टाकायच्या, "मला यातलं काय बी कळत नाय. पानं धरायला माणूस लागतं म्हणून बसलेय. कोणतं टाकू ते सांगा, मला भाजी चिरायचीय."

खेळ तसा सांगायला सोपा. प्रत्येकाला तेरा पानं. एकानं पान टाकलं की बाकी तिघांनी त्याच रंगाचं टाकायचं. चारही पानं पडली की झाला एक हात. रंग संपला असेल तरच हुकूम मारायचा किंवा दुसरं पान फेकायचं. आधी बोली लावायची, आपण किती हात करू ते. मग तेवढे करून दाखवायचे. बोली जिंकणारा एकटा खेळतो, त्याच्या भिडूची पानं टेबलावर उघडी पडतात. ह्या खेळात शहाणा तो, ज्याच्या डोक्यात पडलेली पानं राहतात. आणि सरांच्या डोक्यात बावन्नच्या बावन्न राहत.

दोन गोष्टी सरांनी पहिल्याच महिन्यात घोटून घेतल्या. एक, हातात पानं लावताना लाल शेजारी लाल लावायचं नाही. बदाम आणि चौकट जवळ आले की नवख्याची नजर फसते. आणि दुसरी अशी, की रंग हातात असताना चुकून हुकूम मारला गेला, तर लक्षात आल्या क्षणी सांगून टाकायचं. पुढचा हात खेळला जाण्याआधी सांगितलं तर चूक सुधारता येते. त्यानंतर दोन हात दंड पडतो. "पडू दे," सर म्हणायचे. "पुस्तकात काय लिहिलंय ते असू दे. माझ्याकडे शिकायचं तर आपली चूक आपण सांगायची. या खेळात पोलीस नसतो पोरी, आपणच आपल्याला पकडून द्यायचं."

वर्षभरानं, शहाण्णव साली, सरांनी तिला नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या क्लबात नेलं. क्लब म्हणजे काय, वरच्या मजल्यावर एक हॉल, हिरव्या कापडाची पाच टेबलं आणि खालून येणारा कटिंग चहा. दर गुरुवारी संध्याकाळी वकील, डॉक्टर, द्राक्षांचे व्यापारी जमायचे. कॉलनीतलं तिथं सरांशिवाय कुणी नव्हतं. सर एक्क्याऐंशी साली पहिल्यांदा गेले, तेव्हा वर्षभर त्यांच्याशी भिडू व्हायला कुणी तयार नव्हतं. "टेबल भरलंय हो सर आमचं," असं गोड हसून सांगायचे, आणि सर मागं खुर्ची ओढून नुसते बघत बसायचे. मग एका गुरुवारी चौथा माणूस आला नाही. नाइलाजानं सरांना बसवलं. डाव संपल्यावर सरांनी चौघांकडची पानं एकामागून एक सांगितली, कुणी कुठलं कधी टाकलं त्यासकट. त्या दिवसापासून क्लबात वाद झाला की एकच वाक्य निघायचं, सरांना विचारा. पंधरा वर्षं तो माणूस तिथं आपल्या डोक्याच्या जोरावर बसला होता. आणि त्यानं आता आपला शब्द टाकून मोहिनीला आत घेतलं होतं. "माझी विद्यार्थिनी आहे," एवढंच ते म्हणाले. पुढं कुणी काही विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट मोहिनीला माहीत होती. सरांचे थोरले भाऊ सहादू. त्यांचं डोकं साठीनंतर गेलं. विंचूरच्या बाजारात स्वतःचं घर विसरले आणि पोराला "तू कुणाचा रे?" म्हणाले. सरांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून ते पानं मोजायचे. "बावन्न लागले की मी निर्धास्त झोपतो," असं त्यांनीच तिला सांगितलं होतं.

आता सत्त्याण्णवच्या डिसेंबरचा तो रविवार. क्लबाची वार्षिक स्पर्धा, आणि त्या दिवशी रिवाज असा की भिडू चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. मोहिनीच्या नावाबरोबर चिठ्ठी निघाली मल्हारी शेठ दराड्यांची. शेठ क्लबाचे सेक्रेटरी, आडगावला द्राक्षाचे मळे, आणि तीन वर्षं कपासाठी झुरत होते. चिठ्ठी वाचून ते शेजारच्याला म्हणाले, "घ्या! धोंडाच बांधला गळ्यात." हळू म्हणाले, पण मोहिनीला ऐकू जाईल इतपतच हळू. ती पुरती पेटली. म्हणाली मनाशी, थांब रे बाबा, दाखवतेच तुला धोंडा कसा असतो.

आणि नवल म्हणजे तिनं दाखवलाही! पानं लागत गेली, सरांनी शिकवलेलं आठवत गेलं, आणि शेवटच्या डावाला कपासाठी दोनच जोड्या उरल्या. मोहिनी आणि मल्हारी शेठ. त्यांच्या विरुद्ध गांगुर्डे सर आणि मनोज वकील. हा मनोज म्हणजे हुशार पण तापट पोरगा. भिडूची चूक झाली की पान आपटायचा.

मोहिनीनं चार इस्पिकांची बोली लावली. म्हणजे इस्पिक हुकूम आणि तेरापैकी दहा हात करायचे. अख्खा क्लब भोवती उभा राहिला. ती बावरली आणि हातातली पानं घाईघाईनं पुन्हा लावू लागली. त्या घाईत तिनं नेमकं ते केलं जे करायचं नव्हतं. लाल शेजारी लाल.

पहिले दोन हात बदामचे, ते सरांच्या जोडीनं घेतले. तिसऱ्या हाताला सरांनी पुन्हा बदाम टाकलं. मोहिनीनं बघितलं, बदाम संपलेले. तिनं हुकूम मारला. मागून कुणीतरी "वा!" म्हटलं. चौथ्या-पाचव्या हाताला तिनं विरुद्ध जोडीचे हुकूम काढून घेतले. सहाव्या हाताला चौकटचा एक्का ओढला, आणि त्याच्या मागचा राजा जरा सरकला. राजाच्या मागं बदामची सत्ती होती.

म्हणजे तिसऱ्या हाताला बदाम असताना तिनं हुकूम मारला होता. सांगायचं होतं. तोंड उघडलंही तिनं. पण समोर मल्हारी शेठ पहिल्यांदाच तिच्याकडे माणसासारखं बघत होते. सांगितलं की दोन हात दंड, बोली गेली, कप गेला, आणि "धोंडा" खरा ठरला. आणि सरांचीही मान खाली जाईल, असं तिनं स्वतःला सांगितलं. बघा कसं असतं! लबाडी करताना माणूस दुसऱ्याचंच भलं करत असतो. तिनं तोंड मिटलं.

मग लबाडी सांभाळणं आलं. सत्ती आता कुठंच टाकता येत नव्हती, कारण ती दिसली की सगळं उघड. नवव्या हाताला शेठच्या उघड्या पानांतला किलवरचा एक्का खेळला गेला. मोहिनीकडे किलवर नव्हतं, एक बिनकामाचं पान फेकायचं होतं. बिनकामाची सत्तीच होती. तिनं चौकटचा राजा फेकला. हमखास हात करणारा राजा! मल्हारी शेठनी डोळे मिटून घेतले. सगळ्यांना वाटलं, नवखी आहे, गांगरली. उरली चार पानं. तीन हुकूम तिनं उघडे टाकले, सत्ती उपडी ठेवली आणि म्हणाली, "हे तीन माझे, दहा झाले. शेवटचा हात तुम्ही घ्या."

"कप!" शेठ ओरडले आणि दोन्ही हातांनी टेबलावरची सगळी पानं एकत्र करून पिसूनही टाकली.

"एक मिनिट," सर म्हणाले. "बदाम बाराच पडले. सत्ती दिसली नाही. मनोज, तुझ्याकडे होती?"

"माझ्याकडे नव्हती सर. तुमच्याकडेच असेल."

"माझ्याकडे दश्शी होती."

"मग कुठं जाईल? बाईंनी तर तिसऱ्याच हाताला हुकूम मारलाय, त्यांच्याकडे बदाम असेलच कसा? शेठची पानं उघडी होती. सर, तुमचंच चुकलं मोजायला."

सरांनी मोहिनीकडे बघितलं. विचारलं काहीच नाही. नुसतं बघितलं, आपण आपल्या माणसाकडे खात्री करायला बघतो तसं. मोहिनी हिरव्या कापडाकडे बघत राहिली. मग सर स्वतःच्या बोटांकडे बघून हसले आणि म्हणाले, "मग माझंच चुकलं."

मल्हारी शेठ आता उदार झाले होते. सरांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "चालायचंच सर. आमच्या वडिलांचंही असंच बारीकसारीक चुकण्यापासून सुरू झालं होतं."

मोहिनीनं कप घेतला, फोटोत हसली, घरी येऊन कप कपाटावर ठेवला, आणि राखीनं "आई, सर काय म्हणाले?" विचारलं तेव्हा न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली.

पुढच्या गुरुवारी सर क्लबात आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. रविवारचा डाव बंद झाला. शिकवण्या त्यांनी एकेक करून बंद केल्या. "पोरांना चुकीचं शिकवलं जायला नको," म्हणाले. डॉक्टरांनी तपासून काहीही झालेलं नाही असं सांगितलं, तर म्हणे डॉक्टर मन राखायला बोलतो. खिशात चिठ्ठ्या आल्या, औषधाची, दुधाची, वाराची. आणि ज्याला स्वतःचाच भरवसा उरला नाही त्याच्या हातून चुका व्हायला कितीसा वेळ लागतो? एक दिवस गॅसवर दूध करपलं. एक दिवस रविवार कारंजाच्या चौकातून घरी येताना त्यांनी रिक्षावाल्याला कॉलनीचं नाव दोनदा विचारून घेतलं. भागीबाई मोहिनीला भाजीच्या गाडीवर भेटल्या तेव्हा मेथीची जुडी हातात तशीच धरून म्हणाल्या, "लय खचलाय गं माणूस. पहाटं उठून पाढे म्हणतो. एकोणतीसचा पाढा म्हणतो आन् मला विचारतो, बरोबर हाय का? मला एकोणतीसचा पाढा येतो व्हय?"

मोहिनी तिथंच सांगणार होती. पण भाजीच्या गाडीवर काय सांगायचं, म्हणून राहिलं. मग राखीची परीक्षा आली, मग नवऱ्याची नाईट शिफ्ट, मग ऑफिसात मार्चअखेर. निमित्तं काय, शोधली की सापडतात. क्लबात मात्र ती जात राहिली. आपण गेलो नाही तर संशय येईल, असं तिला वाटायचं. मल्हारी शेठ तिला "आमच्या चॅम्पियन बाई" म्हणायचे. ते ऐकलं की ती चहा तसाच ठेवून पानं पिसायला घ्यायची. एकदा आडून तिनं शेठना विचारलंही, "समजा, सरांचं त्या दिवशी बरोबर असेल तर?" शेठ हसले. "अहो, जाऊ द्या ना आता. म्हातारपण आज नाही तर उद्या येणारच."

एप्रिलमध्ये ती एकदा मनाचा हिय्या करून सरांकडे गेली. सांगायचंच म्हणून. दार उघडून सर म्हणाले, "बरं झालं आलीस. माझी परीक्षा घे." त्यांनी जोड तिच्या हातात दिला. तिनं पिसून एकेक पान दाखवायचं, मधूनच चार पानं न दाखवता बाजूला काढायची, आणि शेवटी सरांनी ती चार कुठली ते ओळखायचं. सरांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी चारही बरोबर सांगितली.

"बरोबर, सर! चारही!"

सर तिच्याकडे बघत राहिले. "खरं ना? मला बरं वाटावं म्हणून तर नाही ना म्हणत?"

मोहिनीनं पानं उलटून दाखवली. सरांनी मान हलवली, पण त्यांचा विश्वास बसला नाही हे तिला दिसलं. आता सांग, आता सांग, असं आतून कुणीतरी तिला ढोसत होतं. ती "येते सर" म्हणाली आणि आली.

मे महिन्यात कळलं की सर नाशिक सोडणार. मुलगा ललित नागपूरला असतो, तो कधीपासून बोलावत होता आणि सर कधीपासून नाही म्हणत होते. आता त्यांनीच फोन करून सांगितलं की मला एकट्याला भागीच्या जिवावर सोडू नकोस, मी कधी रस्ता विसरेन सांगता येत नाही. घर विकायला काढलं. ललितनं टेम्पो ठरवून दिला होता, रविवारी सकाळी येणार.

शनिवारी सकाळी मोहिनी गेली. यावेळी सरळ आत जाऊन उभी राहिली. भिंतीवरून बाबासाहेबांची तसबीर तेवढी काढायची राहिली होती, बाकी घर गाठोड्यांत बांधलेलं. सर खाटेवर बसले होते. भागीबाई आतल्या खोलीत भांडी पोत्यात भरत होत्या.

"सर, बदामची सत्ती माझ्याकडे होती."

सरांना क्षणभर कळलंच नाही. मग त्यांनी चष्मा काढला.

"त्या स्पर्धेच्या दिवशी," मोहिनी म्हणाली. "तुमचं मोजलेलं बरोबर होतं. सत्ती माझ्याकडे होती. चौकटच्या राजामागं चिकटली होती. मला अगदी शेवटी दिसली, आणि तोवर शेठनी पानं पिसून टाकली. मग माझी सांगायची हिंमत झाली नाही."

हे असं सांगायचं तिनं घरून ठरवून आणलं नव्हतं. "शेवटी दिसली" हे वाक्य आपोआप तोंडातून निघालं. पाच महिने कुढून शेवटी कबुली द्यायला आलेली बाई, आणि कबुलीतही निम्मं खोटं! निघाल्यावर तिला स्वतःचीच शिसारी आली, पण वाक्य परत घेता येत नाही.

सर उठले. त्यांनी स्वतः एक गाठोडं सोडलं, त्यातून पत्त्यांचा जोड काढला आणि खाटेवर चार ढीग लावायला लागले.  "मनोजकडे बदामचा राजा, छक्की, दुर्री... शेठकडे गुलाम, नव्वी, चौकी... माझ्याकडे एक्का, राणी, दश्शी, पंजी..." एकेक पान पडत होतं आणि म्हाताऱ्याचा आवाज चढत होता. "अगं ए! ये इकडं! बघ, सगळी लागतायत!" भागीबाई हात पुसत आल्या. एक्कावन्न पानं आपापल्या जागी गेली आणि शेवटी सरांच्या हातात एक उरलं. ते त्यांनी मोहिनीच्या ढिगावर ठेवलं. "इथं! इथंच असायला पाहिजे होती! म्हणजे मी चुकलो नव्हतो. मी चुकलो नव्हतो, भागी!"

भागीबाईंनी तोंडाला पदर लावला. सर लहान पोरासारखे हसत होते. मोहिनीला हुंदका आला. किती सोपं होतं हे! एवढ्या एका वाक्यासाठी तिनं या माणसाला पाच महिने असं ठेवलं होतं.

"बस," सर म्हणाले. "आता खेळून बघू, तेव्हा पडला तसाच."

ते चारही बाजूंची पानं स्वतःच टाकत गेले. पहिला हात, दुसरा. तिसऱ्याला त्यांनी मोहिनीच्या ढिगातून हुकूम काढला आणि मायेनं म्हणाले, "इथं नजर फसली तुझी. आणि गंमत बघ, इथं तू सत्ती टाकली असतीस ना, तर हा हात गेला असता, पण पुढचे दहाच्या दहा तुझेच होते. बोली होतच होती तुझी. फसायची गरजच नव्हती."

 हे मोहिनीला इतक्या दिवसांत सुचलंही नव्हतं.

सर पुढं खेळत गेले. सहावा, सातवा, आठवा. नवव्याला त्यांनी किलवरचा एक्का टाकला, आणि मोहिनीच्या पानांवर त्यांचा हात गेला. तिथं चौकटचा राजा होता आणि बदामची सत्ती होती. त्यांनी राजा उचलला. टाकला नाही. हातातच धरून बसले.

 मोहिनीला कळलं की त्यांना कळलं. हमखास हात करणारा राजा कुणी उगाच फेकत नाही. सत्ती दिसू नये म्हणूनच तो फेकला होता, म्हणजे सत्ती तिला तेव्हाच माहीत होती. सरांचं डोकं परत ताळ्यावर आलं होतं, आणि आलं तेच थेट इथं येऊन थांबलं.

"सर..."

"त्या दिवशी घरी येताना मी विचार केला होता," सर राजाकडे बघत सावकाश म्हणाले. "दोनच गोष्टी असू शकत होत्या. एक तर माझं डोकं गेलं, नाहीतर तू पान दडवलंस. तिसरं काही गणितात बसत नव्हतं. कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत येता येता मी ठरवून टाकलं, माझं डोकं गेलं."

"का सर?" मोहिनीनं विचारलं. विचारायला नको होतं.

"दुसरं मला सोसलं नसतं."

त्यांनी पानं गोळा केली, चौकोनी करून खोक्यात भरली. मग उठून फोनपाशी गेले. फोन तेवढा अजून तोडलेला नव्हता. नागपूरचा नंबर त्यांनी चिठ्ठीत न बघता फिरवला.

"ललित, अरे टेम्पो नको पाठवू. नाही नाही, तब्येत ठीक आहे. माझं काही चुकलं नव्हतं रे त्या दिवशी! मोजणी बरोबर होती." ते थांबले. पलीकडून ललित काहीतरी विचारत होता. सरांनी मोहिनीकडे पाठ केली. "नाही रे. कुणी काही केलं नाही. पान पानाला चिकटलं होतं. नवीन मुलगी, तिला शेवटपर्यंत दिसलंच नाही."

आयुष्यभर कुणाला खोटा मार्क न देणारा माणूस तिचंच खोटं वाक्य आपल्या पोराला सांगत होता. भागीबाईंनी मोहिनीकडे बघितलं. त्यांना पत्त्यांतलं काही कळत नव्हतं, पण नवऱ्याचा आवाज कळत होता. त्या हळूच म्हणाल्या, "तू काय केलंस गं ह्यांना?"

मोहिनी उठली. सरांच्या हातातून तिनं रिसीव्हर काढून घेतला. सरांनी अडवलं नाही.

"ललितदादा, मी मोहिनी पगारे. सरांकडे ब्रिज शिकत होते. पान चिकटलं नव्हतं. मला सहाव्या हाताला दिसलं होतं, आणि मी दडवलं. कप मिळावा म्हणून. सरांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा मी गप्प बसले."

 पलीकडून ललितचा आवाज आला.

"पाच महिने?"

"हो," मोहिनी म्हणाली.